नाव, ट्यूब आणि रीत

डोंबिवली-कल्याणात घरगुती मसाल्यांचा धंदा जरा जम धरू लागला, की कुणीतरी सल्ला देतं, ‘नावाचं पेटंट काढून टाका.’ नावाला पेटंट नसतं. त्याला असतो ट्रेडमार्क. आणि आजीच्या गोड्या मसाल्यालाही पेटंट मिळणार नाही. तिथे शोध नवा लागतो.

‘डोंबिवली मसाले’ हे नाव नोंदवायला गेलात तर हरकत येईल, कारण त्यात गाव आणि माल यापलीकडे काही नाही. डोंबिवलीत कारखाना असलेल्या ‘विको’चं नाव विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीच्या आद्याक्षरांतून घडलं, अशी नावं राखायला सोपी. माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले तिसाव्यात, लोणची एकोणतिसाव्यात, म्हणजे दोन्ही विकणाऱ्याला फी दुप्पट. एकट्या मालकाला किंवा ‘उद्यम’ प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी वर्गामागे ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर ‘टीएम’ चालतं. वर्तुळातला ‘आर’ आधीच छापणं गुन्हा आहे.

नोंदणी नसली तरी सगळं हातचं जात नाही. हिंदुस्तान रिमरविरुद्ध विकोचा १९७९चा दिल्ली उच्च न्यायालयातला खटला पाहा. भांडण हळदीच्या क्रीमच्या ट्यूबचं होतं, तिच्या रंगांचं आणि मांडणीचं. विकोला मनाईहुकूम मिळाला. अशा नकलेला वकील ‘पासिंग ऑफ’ म्हणतात: आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं. मात्र गिऱ्हाइकं आपल्याला त्या रूपावरून ओळखतात, हे कागदाने दाखवावं लागतं. म्हणून पहिली बिलं, पहिलं छापील पाकीट, जाहिरातींची कात्रणं रद्दीत घालू नका.

लोगोचं प्रकरण लोक हमखास विसरतात. बाहेरच्या चित्रकाराला पैसे दिले म्हणून कॉपीराइट आपला होत नाही. लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईला माल पाठवणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी.

आता पेटंट. डोंबिवलीतलं घरडा सर्कल रिक्षावाल्यांना पाठ असतं. त्या नावामागच्या घरडा केमिकल्सची गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. १९७०च्या कायद्यात औषधं, तणनाशकं अशा पदार्थांना पेटंट नव्हतं, ते बनवण्याच्या रीतीला होतं. गव्हातल्या तणावरचं आयसोप्रोट्युरॉन परदेशी कंपन्या विकत होत्या. कंपनीचे संस्थापक केकी घरडा यांनी ते बनवायची स्वतःची वेगळी रीत काढली. २००५पासून पदार्थालाही पेटंट मिळतं, तेव्हा ती वाट आता अरुंद झाली आहे.

मसाल्याचं प्रमाण मात्र गुपितच ठेवायचं. त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, आधार कराराचा. भाजणीवरच्या माणसाशी तो कामाच्या पहिल्या दिवशीच करावा, आणि दगडफूल किती टाकायचं ते एकाच माणसाला ठाऊक असावं.