हटवलेले होस्ट, उरलेले अलर्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्व्हर कायमचा बंद करून यादीतून काढून टाकल्यानंतरही त्याच्या नावाने ‘होस्ट डाउन’ असा इशारा येत राहणे, ही सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वापरातील जुनी आणि सर्वत्र आढळणारी अडचण आहे. होस्ट म्हणजे देखरेखीखाली असलेले कोणतेही यंत्र, मग तो प्रत्यक्ष सर्व्हर असो, आभासी यंत्र असो वा नेटवर्कमधील स्विच. आणि अलर्ट म्हणजे त्या यंत्राच्या स्थितीविषयी सॉफ्टवेअरने काढलेला निष्कर्ष, जो संदेशाच्या रूपाने जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचवला जातो. या दोहोंची गल्लत झाली की गैरसमज सुरू होतात. अलर्टचे वास्तव्य होस्टवर नसते. ते देखरेख करणाऱ्या व्यवस्थेच्या स्मृतीत असते, आणि ही स्मृती कॉन्फिगरेशनच्या फाइली, चालू प्रोसेस, स्थिती जतन करणारी फाइल, डेटाबेस, सूचना पाठवणारा स्वतंत्र घटक आणि त्यापलीकडची तिकीट-प्रणाली अशा अनेक ठिकाणी विखुरलेली असते. खातेदाराच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत झाली म्हणून सातबाऱ्यावरचे त्याचे नाव आपोआप कमी होत नाही, त्यासाठी फेरफार वेगळा करावा लागतो. येथेही प्रत्येक दप्तर स्वतंत्रपणे दुरुस्त व्हावे लागते.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज असा की, होस्टची व्याख्या फाइलमधून पुसली की देखरेख थांबते. ईथन गालस्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने प्रसिद्ध केलेले आणि २००२ पासून ‘नागिऑस’ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर या बाबतीत उत्तम उदाहरण ठरते. नागिऑस सुरू होताना कॉन्फिगरेशनच्या फाइली एकदा वाचते आणि त्यानंतर मेमरीतील प्रतीवरच काम करते. त्यामुळे फाइलमधून एखादा होस्ट काढला, तरी रीलोड किंवा रीस्टार्ट होईपर्यंत चालू प्रोसेसच्या दृष्टीने तो होस्ट अस्तित्वातच असतो. अडचण येथे संपत नाही. काढलेल्या होस्टचे नाव एखाद्या होस्टगटात किंवा सेवेच्या व्याख्येत राहून गेले असेल, तर कॉन्फिगरेशनची तपासणी नापास होते, आणि ज्या ठिकाणी रीलोडपूर्वी अशी तपासणी सक्तीची केलेली असते, तेथे रीलोड नाकारला जाऊन जुनी प्रोसेस जुन्याच यादीसह पूर्ववत चालू राहते. आज्ञा देणाऱ्याने पडद्यावरचा त्रुटीचा संदेश वाचला नाही, किंवा आज्ञा एखाद्या स्वयंचलित स्क्रिप्टने दिली असेल, तर होस्ट काढला गेला असा समज कायम राहतो आणि अलर्टही येत राहतात.

याहून फसवे कारण म्हणजे एकाच यंत्रावर नागिऑसच्या दोन प्रोसेस चालू असणे. पूर्वीची प्रोसेस नीट न थांबता दुसरी सुरू झाली, तर नवी प्रोसेस नव्या यादीनुसार आणि जुनी प्रोसेस जुन्या यादीनुसार तपासण्या करत राहते. वेब-पृष्ठावर होस्ट कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि ईमेल मात्र नियमाने येतात. अशा वेळी चालू प्रोसेसची यादी पाहणे हाच खरा उपाय आहे. परंतु ती यादी वाचताना हे लक्षात घ्यावे लागते की, २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून नागिऑस तपासण्यांसाठी स्वतःच दुय्यम प्रोसेस निर्माण करते, त्यामुळे यादीत अनेक नोंदी दिसणे हा दोष नव्हे. परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन मूळ प्रोसेस आहेत का, एवढेच तपासायचे असते. मूळ प्रोसेस कोणती, हे तिच्या जनक-प्रोसेसच्या क्रमांकावरून ओळखता येते.

हे न तपासता स्थिती जतन करणारी ‘रिटेन्शन’ फाइल पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. रीस्टार्टनंतर आधीची स्थिती परत मिळावी म्हणून नागिऑस ही फाइल लिहिते. ती वाचताना कॉन्फिगरेशनमध्ये नसलेल्या होस्टच्या नोंदी ते सोडून देते, म्हणजेच काढलेल्या होस्टला ही फाइल पुन्हा जिवंत करू शकत नाही. उलट त्याच फाइलमध्ये नियोजित देखभालीच्या वेळा, कर्मचाऱ्यांनी लिहिलेल्या टिपा आणि ‘दखल घेतली आहे’ अशा खुणा असतात. ती पुसल्याने एका मृत होस्टचा प्रश्न तर सुटत नाहीच, पण ज्यांची दखल आधीच घेतली गेली होती असे शेकडो अलर्ट नव्याने सुरू होऊ शकतात. शिवाय प्रोसेस चालू असताना फाइल पुसली, तर थांबताना ती पुन्हा लिहिली जाते, त्यामुळे तो उद्योग निष्फळही ठरतो.

डेटाबेसवर आधारलेल्या प्रणालींत गैरसमजाचे रूप बदलते. लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी घडवलेले आणि २००१ मध्ये जाहीरपणे उपलब्ध झालेले ‘झॅबिक्स’ आपली सर्व माहिती डेटाबेसमध्ये ठेवते, म्हणून उरलेली समस्या थेट डेटाबेसच्या तक्त्यातून पुसावी, असे अनेकांना वाटते. वस्तुतः झॅबिक्समधील घटनांच्या तक्त्यात ट्रिगर, म्हणजे अलर्ट केव्हा उठावा हे ठरवणारी अट, केवळ क्रमांकाने नोंदलेली असते आणि ती नोंद डेटाबेसच्या बंधनाने मूळ अटीशी जोडलेली नसते. त्यामुळे होस्टबरोबर अट नाहीशी झाली, तरी तिने निर्माण केलेली घटना मागे राहते. हा मागे राहिलेला भाग काढण्यासाठी ‘हाउसकीपर’ नावाची प्रक्रिया असते, जी मूळ मांडणीत तासातून एकदा चालते, आणि ६.० या आवृत्तीपासून हटवलेल्या ट्रिगरच्या समस्या काढण्याचे काम त्याहून वेगळ्या गतीने, दर ६० सेकंदांनी, केले जाते. थोडा वेळ थांबणे हे येथे पुष्कळदा पुरेसे असते. ज्या ठिकाणी भार कमी करण्यासाठी हाउसकीपरच बंद करून ठेवलेला असतो, तेथे काय साचत गेले आहे हे आधी पाहायला हवे, हाताने ओळी पुसणे नंतर.

मात्र झॅबिक्समध्ये होस्ट काढला आणि थोड्या वेळाने तो पुन्हा हजर झाला, तर त्याचे कारण डेटाबेसमध्ये शोधू नये. त्या यंत्रावरील एजंट, म्हणजे माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, अजून चालू असेल आणि स्वयंनोंदणीची कृती लागू असेल, तर एजंटच्या पुढच्याच चौकशीला सर्व्हर त्याला नवा होस्ट समजून पुन्हा दाखल करून घेतो. नेटवर्कचा शोध घेऊन होस्ट जोडण्याचा नियमही हेच करतो. डिस्क किंवा नेटवर्क-पोर्ट यांसारख्या आपोआप शोधल्या जाणाऱ्या घटकांना, ते दिसेनासे झाल्यावरही, ठराविक काळ राखून ठेवण्याची सोय असते, आणि अनेक आवृत्त्यांत तो काळ ३० दिवसांचा होता. हा दोष नव्हे, तात्पुरता संपर्क तुटला म्हणून इतिहास नष्ट होऊ नये यासाठीची तरतूद आहे.

‘प्रोमिथियस’च्या बाबतीत गैरसमज नेमका उलट्या दिशेचा असतो आणि तो अधिक धोकादायक आहे. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीत होस्ट लक्ष्यांच्या यादीतून गेला की त्याच्या मापनांची मालिका ‘शिळी’ म्हणून चिन्हांकित होते; २०१७ मधील २.० आवृत्तीपासून ही खूण स्पष्टपणे नोंदवली जाते, आणि खूण नसेल तेथे शेवटचे मूल्य पाच मिनिटांपर्यंत ग्राह्य धरले जाते. मालिका संपली की तिच्यावरची अट खरी ठरू शकत नाही, म्हणून अलर्ट आपोआप मिटतो आणि ‘निवारण झाले’ असा संदेश जातो. या संदेशाचा अर्थ सर्व्हर सुधारला असा घेतला जातो. प्रत्यक्षात त्याच्याविषयी विचारणेच थांबलेले असते. चुकून यादीतून गळालेला जिवंत सर्व्हरही हाच संदेश मागे ठेवतो, आणि त्या क्षणापासून त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. या संदेशाची पडताळणी लक्ष्यांच्या यादीशी केल्याविना त्यावर विश्वास ठेवणे योग्य नाही.

प्रोमिथियसमध्ये अलर्ट खरोखर मागे राहतो तो बहुधा ‘पुशगेटवे’मुळे. अल्पकाळ चालणाऱ्या कामांची मापने स्वीकारून ठेवणारा हा घटक मिळालेली मालिका स्वतःहून कधीच विसरत नाही. यंत्र नष्ट होऊन महिने लोटले, तरी त्याने पाठवलेला शेवटचा आकडा ताजा असल्याप्रमाणे दर वेळी पुढे दिला जातो, आणि शिळेपणाची खूण तेथे लागूच पडत नाही. तो गट पुशगेटवेला हटवण्याची विनंती पाठवूनच काढावा लागतो. ठराविक नावाची मालिका नसल्यास इशारा देणारे नियमही असतात, आणि त्यांत होस्टचे नाव लिहिलेले असेल, तर होस्ट काढल्यामुळेच अलर्ट जन्माला येतो. असे नियम होस्टबरोबरच काढावे लागतात.

‘सायलेन्स’, म्हणजे ठराविक काळ अलर्ट दाबून ठेवणे, हा काढून टाकण्याचाच सोपा मार्ग आहे, हीही समजूत टिकणारी नाही. प्रोमिथियसचे अलर्ट वाटणाऱ्या ‘अलर्टमॅनेजर’मध्ये प्रत्येक सायलेन्सला शेवटची वेळ असते, ती उलटली की मूळ अट खरी असल्यास अलर्ट परत येतो. हा घटक रीस्टार्ट केल्यानेही काही साधत नाही, कारण नियम खरा आहे तोवर प्रोमिथियस अलर्ट पुन्हा पुन्हा पाठवतच राहते. याउलट, पाठवणारा स्रोतच कायमचा बंद झाला असेल, तर अलर्टमॅनेजर त्याचा अलर्ट काही वेळाने स्वतःच संपलेला मानतो.

देखरेखीचे सॉफ्टवेअर स्वच्छ झाले, तरी बाहेरच्या तिकीट-प्रणालीत किंवा अलर्ट जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचवणाऱ्या पेजरड्यूटीसारख्या सेवेत घटना उघडी राहू शकते, कारण ती मिटण्यासाठी मूळ प्रणालीकडून निवारणाचा संदेश यावा लागतो, आणि नागिऑससारख्या प्रणालीत होस्ट ‘डाउन’ असतानाच काढला गेला, तर तो संदेश पाठवणारे कोणी उरत नाही. म्हणून क्रमाला महत्त्व आहे: आधी देखभालीची वेळ नोंदवून सूचना थांबवाव्यात, उघड्या घटना मिटवाव्यात, यंत्रावरील एजंट आणि स्वयंनोंदणी बंद करावी, आणि त्यानंतरच होस्टची व्याख्या व तिचे सर्व संदर्भ काढावेत. ज्या होस्टचा इतिहास पुढे लागणार असेल, तो काढण्याऐवजी निष्क्रिय करणे बरे, कारण झॅबिक्ससारख्या प्रणालीत होस्टबरोबर त्याची जुनी मापनेही हाउसकीपरच्या हाती जातात. भारतात सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक-प्रणालींचे लॉग १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. मापने आणि लॉग या एकच गोष्टी नव्हेत, तरी यंत्र निवृत्त करताना काय पुसायचे हा निर्णय एकट्या तंत्रज्ञाने घाईत घेऊ नये, एवढे त्यावरून निश्चित होते.

क्लाउडमध्ये आणखी एक गुंता असतो. तेथे सोडून दिलेला आयपी पत्ता लवकरच दुसऱ्या यंत्राला दिला जाऊ शकतो, आणि देखरेखीच्या यादीत जुना होस्ट नावाऐवजी पत्त्याने नोंदलेला असेल, तर ‘पिंग’ची तपासणी त्या नव्या यंत्राकडून उत्तर मिळवते. कित्येक आठवडे येत असलेला ‘डाउन’चा अलर्ट अशा वेळी कोणी काही न करताच बंद होतो, आणि फलकावर मृत होस्टसमोर हिरवी खूण दिसू लागते.