विश्लेषण : रेडिओच्या संशोधकाने वडिलांना ‘महाशय’ का लिहिले?

रेडिओ आणि बोलपटांच्या तंत्राला पुढे नेणारी ‘ऑडिऑन’ ही नळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तयार केली. पण त्याआधी, शाळकरी वयात, त्यांना वडिलांची परवानगी मिळवावी लागली होती. तीही पत्र लिहून.

वडील कोण होते?

हेन्री स्विफ्ट डी फॉरेस्ट हे काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक. (अहमदनगरला शाळा काढणारे अमेरिकन मराठी मिशन प्रामुख्याने याच पंथाच्या लोकांचे.) येल विद्यापीठात शिकलेले, यादवी युद्धात पलटणीचे धर्मगुरू राहिलेले हेन्री १८७९ मध्ये अलाबामातील टॅलाडेगा कॉलेजचे अध्यक्ष झाले.

हे कॉलेज वेगळे का?

१८३२ च्या कायद्याने अलाबामात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे दंडनीय गुन्हा होता. युद्धानंतर विल्यम सेव्हरी आणि थॉमस टॅरंट या गुलामगिरीतून सुटलेल्या दोघांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या मदतीने १८६७ मध्ये ही शाळा उभी केली. तिची मुख्य इमारत, स्वेन हॉल, गोऱ्या मुलांच्या शाळेसाठी गुलामांच्याच श्रमातून बांधलेली होती. हेन्री यांच्या काळात, १८९० मध्ये, येथे पदवीचा अभ्यासक्रम आखला गेला. १८९५ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले.

याची किंमत घराने मोजली. गावातील बहुतेक गोऱ्यांनी या कुटुंबाशी फटकून वागणे पसंत केले. लीचा जन्म १८७३ चा. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते.

पत्रात काय होते?

मुलाने आपल्यासारखे धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. त्यासाठी लॅटिन-ग्रीकचा पारंपरिक अभ्यासक्रम हवा. मुलाचा जीव मात्र यंत्रांत. त्याने चक्क ‘महाशय’ असा मायना घालून लिहिले : मला यंत्रकार आणि संशोधक व्हायचे आहे, तसे गुण माझ्यात आहेत, मग त्याच दृष्टीने मला शिकू का देत नाही?

कॉलेजांचे वार्षिक अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. त्यांत इमारती आणि विद्यार्थिसंख्या सापडते. घरात कोणाचे चालत होते, हे अशा पत्रातच कळते. ज्यांना शिकूच द्यायचे नाही असे समाजाने ठरवले होते, त्यांच्यासाठी पदवीचे दार उघडणारा हा माणूस. स्वतःच्या मुलाने काय शिकावे, हे मात्र त्याने आधीच ठरवून टाकले होते!

पुढे काय झाले?

वडील नमले. १८९३ मध्ये ली येलच्याच शेफिल्ड सायंटिफिक स्कूलमध्ये दाखल झाले. डी फॉरेस्ट घराण्यातील मुलांसाठी ठेवलेली एक शिष्यवृत्ती कामी आली. १८९६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि १८९९ मध्ये डॉक्टरेट. हेन्री यांचे निधन मात्र १८९६ च्या जानेवारीतच, पदवीदानाच्या काही महिने आधी झाले होते.