परळला राहायचं कुठे?

मालवणात रेल्वे नाही. टाटा हॉस्पिटल गाठायचं तर आधी कुडाळ किंवा कणकवली स्टेशन आणि तिथून रात्रभराची कोकणकन्या किंवा तुतारी. मांडीवर तापानं फणफणलेलं पोर, अंगावर काळेनिळे डाग, ओठ पांढरे पडलेले. ‘ताप उतरणा नाय’ एवढंच घरात बोललं गेलेलं असतं. मग रक्ताचा रिपोर्ट येतो, डॉक्टर परळचं नाव घेतात, आणि रोग नीट समजायच्या आतच घरातली वडीलधारी माणसं विचारतात: मुंबईत राहतलास खंय, आणि किती दिवस?

दिवस नव्हे, महिने. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात, आणि त्यातले पहिले सहा-आठ महिने हॉस्पिटलच्या जवळपासच राहावं लागतं. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरतात. अशा वेळी साधा ताप आला तरी काही तासांत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. देवबाग किंवा तारकर्लीहून ते जमणारं नाही.

टाटा मेमोरियलचा जन्मच या रोगाच्या घावातून झाला आहे. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला हे हॉस्पिटल सुरू केलं. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि गरिबांना तिथे अगदी कमी दरात किंवा मोफत उपचार मिळतात. त्यात राज्य सरकारची योजना आली. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावानं चालते आणि कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते. औषधांचा मोठा भार त्यामुळे हलका झाला, हे मोकळेपणानं सांगितलं पाहिजे.

पण माणसं मोडतात ती दुसऱ्याच खर्चानं. ट्रॉलरवरचा खलाशी मुलाजवळ बसला की त्याचा वाटा बुडतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदच असते. म्हणजे दोन महिने घरात आवक नाही आणि मुंबईत खोलीचं भाडं, टॅक्सी, बाटलीबंद पाणी. गावी दुसरं मूल आजीकडे. दागिना गहाण पडतो, बागेतली कलमं आधीच्या उचलीवर जातात. मूल जरा हसू-खेळू लागलं की बाप म्हणतो, ‘आता बरां दिसता, घराक जाऊया.’ सगळा घात इथेच होतो. उपचार अर्ध्यावर सुटले की रोग उलटतो.

टाटामधल्या बालकर्करोग विभागात 2009 च्या सुमारास पाचातलं जवळजवळ एक मूल असं उपचार सोडून जात होतं किंवा उपचार घेतच नव्हतं. त्यावर शालिनी जटिया यांच्या पुढाकारातून ‘इम्पॅक्ट फाउंडेशन’चं काम उभं राहिलं. नोंदणी झाली की लगेच कुटुंबाशी बोलायचं, कागद जुळवायचे, योजना आणि देणगीदार यांची सांगड घालायची, राहण्याची व्यवस्था बघायची, आहार, रक्त आणि समुपदेशन या गोष्टी मार्गी लावायच्या. आणि ठरलेल्या तारखेला मूल आलं नाही तर फोन करून कारण विचारायचं. हा फोन मला या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत मोलाचा वाटतो. सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण पुढे पाच टक्क्यांच्या आसपास आलं. नवं औषध न शोधता वाचलेली मुलं आहेत ही.

राहण्याचं उत्तर निहाल आणि श्यामा कविरत्ने या दांपत्यानं 2006 मध्ये शोधलं. त्यांच्या ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’मध्ये कुटुंब मोफत राहतं. कॉटन ग्रीनला बंदराच्या जुन्या इमारती दुरुस्त करून त्यांचं मोठं केंद्र झालं आहे. स्वयंपाकघर सामायिक, पण प्रत्येक आईची शेगडी वेगळी, फळी वेगळी, आठवड्याचा शिधा वेगळा. केमोच्या काळात बाहेरचं खाणं बंद, कच्चं बंद, पाणी उकळलेलं. तोंड आलेल्या पोराला गिळवेल अशी उकड्या तांदळाची पेज आईला स्वतःच्या हातानं शिजवता येणं हा तिथे उपचाराचाच भाग आहे. शेजारच्या शेगडीवर बिहारची किंवा बंगालची आई असते, आणि कोणत्या औषधानंतर मूल काय खातं, हे दोघी खुणांनी एकमेकींना सांगतात.

अशा जागा सगळ्यांना पुरत नाहीत. मग दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, नाहीतर नातेवाइकांची खोली. लालबाग-परळच्या चाळींमध्ये गिरणीच्या काळापासून कोकणातल्या गावांच्या खोल्या होत्या. नोकरी शोधायला आलेल्या कितीतरी चाकरमान्यांनी तिथे पथारी टाकली. गावाच्या मुंबई मंडळांनी त्याच आपुलकीनं आता एखादी स्वच्छ खोली आजारी मुलाच्या कुटुंबासाठी राखावी. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी काढणाऱ्या मंडळांना हे अवघड नाही.

आईबापांना एवढंच सांगणं. निघताना रेशनकार्ड, सर्वांचं आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर घ्या. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर जन्मदाखल्यावाचून अडतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज उपचार चालू असतानाच करा, झालेल्या खर्चाचा परतावा तिथे मिळत नाही. हॉस्पिटलचा दाखला दाखवला की रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाला भाडं लागत नाही, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. आणि दागिना गहाण टाकण्याआधी, पहिल्याच आठवड्यात, टाटाच्या समाजसेवा विभागाचं दार ठोठावा.