उल्कावेड्यांचं संमेलन, घरबसल्या

आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ सालची. तिचं वार्षिक संमेलन म्हणजे युरोपातल्या हौशी उल्कानिरीक्षकांची वारीच! २०१९मध्ये ते इथं जर्मनीत, बोलमन्सरूला झालं. २०२०चं हंगेरीतल्या होर्टोबाजला ठरलेलं. कोरोना आला आणि १९-२० सप्टेंबरला सगळं ऑनलाइन. २०२१लाही तेच.

व्याख्यानं पडद्यावर छान होतात, पण रात्री दुर्बिणीपाशी रंगणाऱ्या गप्पांचं काय? तेवढी चुटपुट राहतेच.

संमेलनासारखं उल्कानिरीक्षणही घरबसल्या करता येतं: आमच्या आखनसारख्या ढगाळ गावात मला भुरळ पडते ती रेडिओ निरीक्षणाची. शेजारच्या बेल्जियममध्ये डूर्बहून ४९.९७ मेगाहर्ट्झवर अखंड संदेश सुटतो. तो दूरच्या अँटेनापर्यंत सहसा थेट पोहोचत नाही. मात्र उल्का जळताना साधारण शंभर किलोमीटर उंचीवर आयनीभूत हवेचा पट्टा उमटतो, त्यावर आदळून संदेश खाली येतो आणि स्पीकरमधून ‘टुंग’! ढग असोत, भरदुपार असो, उल्का मोजता येतात. हा संदेश टिपणाऱ्या अँटेनांच्या जाळ्याचं नाव ‘ब्रॅम्स’, त्यात हौशी मंडळींचेही अँटेना आहेत.

२०२३चं संमेलन बेल्जियममधल्याच रेदूला भरलं. प्रत्यक्ष, खुर्च्या-चहासकट!