रिकाम्या आयजीपीयूकडून किती काम होईल?

गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरच्या पोटातली, म्हणजे आयजीपीयू, आणि दुसरी स्वतंत्र. त्यामुळे दोघी एकत्र जुंपल्या की ताकदीची बेरीज होते, हा समज सहज पसरतो. या बेरजेचे प्रयोग मात्र होऊन गेले आहेत. 2008 च्या सुमारास एएमडीने हायब्रिड क्रॉसफायर आणि एनव्हिडियाने हायब्रिड एसएलआय आणले. पण दोन चिपांची ताकद असमान असली की एकीची फ्रेम लवकर येते, दुसरीची रेंगाळते आणि खेळ अडखळतो. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स 12 च्या प्रात्यक्षिकात एनव्हिडिया कार्डाच्या जोडीला इंटेलचा आयजीपीयू लावून दाखवला. वाढ मिळाली ती साधारण दहा टक्के, आणि त्यासाठी गेम बनवणाऱ्यांनी स्वतः जादा कोड लिहायला हवा होता. एवढ्याशा लाभासाठी तो खटाटोप फार थोड्यांनी केला.

आज ज्याची चर्चा आहे तो प्रकार निराळा आहे. इथे आयजीपीयू गेममधली एक भिंतही रंगवत नाही. अख्खी फ्रेम मोठे कार्डच तयार करते. ती तयार फ्रेम आयजीपीयूकडे पाठवली जाते आणि लागोपाठच्या दोन फ्रेम ताडून तो मधली काल्पनिक फ्रेम बनवतो; यालाच फ्रेम जनरेशन म्हणतात. लॉसलेस स्केलिंग या प्रोग्रॅममध्ये अशी कामाची वाटणी करता येते. एनव्हिडियाच्या डीएलएसएस फ्रेम जनरेशनची मात्र याच्याशी गल्लत करू नये. ते आरटीएक्स 40 आणि त्यापुढच्या कार्डांवर, त्याच कार्डावर चालते, आणि कोणती वस्तू कुठे सरकते आहे याची माहिती त्याला गेमकडूनच मिळते. लॉसलेस स्केलिंगच्या हाती फक्त तयार चित्र असते. म्हणून कॅमेरा झटकन वळवला की स्थिर राहायला हवीत ती नेमबाजीची खूण किंवा कोपऱ्यातल्या नकाशावरची अक्षरे कडेने लडबडतात.

मग फायदा कशात? फ्रेम जनरेशन फुकट होत नाही. समजा, गेम 60 एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेमवर, चालतो आहे आणि मधल्या फ्रेमही त्याच कार्डाला बनवायला लावल्या, तर मूळ वेग 50 वर उतरू शकतो. मग पडद्यावर 100 दिसतात. तेच काम आयजीपीयूने उचलले तर मूळ 60 कायम राहतात आणि 120 दिसतात. खरा लाभ तो वाचलेल्या दहा फ्रेमचा, कारण माउस आणि कीबोर्डची दखल फक्त खऱ्या फ्रेममध्ये घेतली जाते. कोणी म्हणेल, आकडा तर दुप्पट झाला! हालचाल गुळगुळीत होते हे खरेच आहे. पण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, तोवर आधीची रोखून धरावी लागते. 60 एफपीएसला दोन फ्रेममधले अंतर 16.7 मिलिसेकंद असते, 30 ला ते 33.3 होते. म्हणून 30 वर रखडणारा गेम 60 चा आकडा दाखवू लागला तरी हाताला जडच लागतो. कामाच्या वाटणीने हा उशीर कमी होतो, फ्रेम जनरेशन बंद असतानाच्या पातळीवर मात्र येत नाही.

'आयजीपीयू तसाही रिकामाच बसलेला असतो' हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच खरा आहे. 1080पीची एक फ्रेम सुमारे 83 लाख बाइटची. सेकंदाला 60 पाठवायच्या तर अर्धा जीबी, 4केला दोन जीबी. पीसीआयई 3.0 च्या चार लेनमधूनही सेकंदाला जवळपास चार जीबी जातात, तेव्हा 1080पीला वाटेत कोंडी होत नाही. कोंडी होते ती पुढे. आयजीपीयूला बहुधा स्वतःची मेमरी नसते, तो रॅमच वापरतो आणि तीही प्रोसेसरशी वाटून. डीडीआर4-3200 ची एकच स्टिक असेल तर सेकंदाला 25.6 जीबी मिळतात, दोन असतील तर 51.2. लॅपटॉपमध्ये यात उष्णतेची भर पडते: आयजीपीयू राबू लागला की त्याच पॅकेजमधल्या प्रोसेसरच्या वाट्याची वीज तो खातो. शिवाय सगळे आयजीपीयू सारखे नसतात. रेडिऑन 780एममध्ये 12 कंप्युट युनिट आहेत, तर डेस्कटॉपच्या रायझन 7000 मालिकेतल्या चिपांमध्ये फक्त 2, म्हणजे पडद्यावर विंडोज दिसण्यापुरते. आणि इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, जसे आय5-12400एफ, तर वापरता येईल असा आयजीपीयूच नाही, विषय मिटला.

डेस्कटॉपवर सर्वात जास्त फसगत केबलपाशी होते. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला हवी, कार्डाच्या नव्हे; नाहीतर बनवलेल्या फ्रेम उलट कार्डाकडे पाठवाव्या लागतात आणि मिळवलेले तिथेच गळते. गेम मोठ्या कार्डावरच चालेल हेही विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ठरवून द्यावे. लॅपटॉपच्या हायब्रिड मोडमध्ये पडदा आयजीपीयूलाच जोडलेला असतो, म्हणून तिथे सोय आयती मिळते. मक्स स्विचने पडदा थेट कार्डाला जोडलात तर ती जाते. तेव्हा आधी एकट्या कार्डावर फ्रेम जनरेशन चालू करा आणि मूळ एफपीएस किती पडतो ते पाहा. दोनचार फ्रेमच पडत असतील तर या जुळवाजुळवीच्या मागे लागू नका.