घरी बांधलेल्या गाडीचे ब्रेक
ब्रिटनमध्ये जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग घेऊन लोटस सेव्हनच्या धर्तीची हलकी गाडी घरीच बांधणारे शौकीन आहेत. भाग उत्तम, पण ब्रेकचा हिशेब एस्कॉर्टच्या वजनाचा असतो, हे आपल्या मिस्त्री बांधवांनी ध्यानात घ्यावे. ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. ती आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची झाली तर स्टिअरिंग लागत नाही, पण गाडी सरळ तरी जाते. म्हणून पुढची आधी धरावीत, मागची लगेच पाठोपाठ. पेडलमागे दोन मास्टर सिलिंडर व तोलाची दांडी असल्यास टेकू ज्या सिलिंडरकडे सरकेल तिकडे जोर वाढतो. मात्र ही जुळणी आम्ही कोरड्या मैदानातच करायला सांगू. ओल्या जमिनीवर वजन कमी झुकते. तिथे साधलेला तोल कोरड्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम करू शकतो.