टोमॅटो: सार मराठी, शेव माळव्याची

कूळ: मूळ दक्षिण अमेरिकेचं. भारतात पोर्तुगीजांनी आणलं. वांगं, बटाटा, मिरची हे भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात फळ, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १८९३ मध्ये आयातकरापुरती भाजी ठरवली!

इंदूरचा स्वयंपाक: १८१८ मध्ये इंदूर होळकरांची राजधानी झालं आणि मराठी स्वयंपाक माळव्यात रुळला. आज सुदामा नगरसारख्या वसाहतींत एकाच टोमॅटोला दोन वाटा.

• सार: टोमॅटो उकडून, गाळून घ्यायचे. वर तूप-जिरं-कढीपत्त्याची फोडणी, चवीला गूळ. नारळाचं दूध घालायचं तर शेवटी, मंद आचेवर; खळखळ उकळलं की फुटतं.

• शेव-टमाटर: माळव्याची भाजी. आलं-मिरचीच्या फोडणीत टोमॅटो तेल सुटेपर्यंत शिजवायचे, पाणी घालून उकळी आणायची. जाड, तिखट शेव ताटात वाढण्याच्या मिनिटभर आधी पडते. आधी पडली तर रश्शाचा लगदा होतो, आणि पाहुणे तो मुकाट खातात.

• शिवाय हिरवे टोमॅटो: तीळ किंवा दाण्याच्या कुटाबरोबर परतून चटणी.

साल काढताना: बुडाशी फुलीसारखी चीर द्यावी. अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात. चिरेपाशी साल आपोआप वळते.

उन्हाळ्यात: फळात सुमारे ९५ टक्के पाणी. अर्धवट पिकलेली फळं फ्रिजबाहेर, सावलीत ठेवावीत. थंडीत पिकणं थांबतं, स्वादही उतरतो. पूर्ण पिकलेली मात्र कडक उन्हाळ्यात फ्रिजमध्येच टिकतात.

लायकोपीन: लाल रंग देणारं द्रव्य. शिजवल्यावर, थोड्या तेला-तुपाबरोबर शरीरात जास्त शोषलं जातं. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने घटतं. ते कोशिंबिरीत जास्त मिळतं.